बेने इस्राएलांची तीथ

पूर्णा आणि नांदेड यांच्यामध्ये चुडावा नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी ते खिडकीतून ओझरते पाहिले असेल. माझे वडील त्या स्टेशनावर पॉइंट्समन होते आणि माझे बालपण तेथल्या क्वार्टरांच्या ओळीत गेले. आज जे सांगणार आहे ते १९६० सालाच्या आगेमागचे आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन.

निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत सामील झाली आणि मुंबईकडची माणसे बदलीवर इकडे येऊ लागली. त्यांतलेच एक असिस्टंट स्टेशनमास्तर चुडाव्यास आले. गाव त्यांना छोटे मास्तर म्हणे. माणूस मराठी, पण बोलण्याला कोकणचा हेल; आडनाव कुलाबा जिल्ह्यातल्या एका गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ लागलेले; आणि स्वतःचे नाव मात्र गावात कोणी कधी ऐकले नव्हते असे. डुकराचे मांस त्यांना वर्ज्य, तेव्हा काहींना वाटले मुसलमान असतील. पण ते नमाजाला जात नसत. बायबलातली नावे घेत, म्हणून काहींना वाटले किरिस्ताव असतील. पण चर्चचाही पत्ता नाही. शेवटी कोणी तरी विचारलेच. तेव्हा हसून म्हणाले, “आम्ही शनवार तेली.” गावातले एक तेली तेथेच बसलेले होते. ते लगेच म्हणाले, “मंग आपलेच की वो!” आणि तो प्रश्न चुडाव्यापुरता तेथेच मिटला.

शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरागत हकीकत अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्याला लावलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली. ती जागा नवगावला आजही दाखवतात. म्हणजे या समाजाचा इतिहासच मुळी दफनभूमीपासून सुरू होतो. वाचलेल्यांनी तेलघाणे धरले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. त्यांच्या आठवणीतून इतर कितीतरी गोष्टी पुसल्या गेल्या, एवढा शनिवार तेवढा राहिला. छोटे मास्तर म्हणत, “आता रेल्वेला कुठला आलाय शनिवार!” आणि शनिवारीही ड्यूटीवर जात.

पण वर्षातली एक रात्र अशी असे की, त्यांच्या घरी दिवा विझत नसे. वडिलांची तीथ. काचेच्या पेल्यात निम्म्यावर पाणी, त्यावर तेल, तेलावर तरंगती वात. तो पेला सायंकाळी लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत जळू द्यायचा. बाहेर फलाटावर सिग्नलचे रॉकेलचे दिवे आणि आत हा एक तेलाचा. मला लहानपणी त्याचे फार कुतूहल वाटे.

आदल्या सायंकाळी का, याचे कारण ज्यूंच्या दिवसात आहे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एखादा माणूस सूर्यास्तानंतर गेला, तर तो दुसऱ्या दिवशीच्या तारखेस गेला असे धरतात. आपल्याकडे भटजी जसे विचारतात की, बाबा, नेमके किती वाजता गेले, तिथी कोणती लागली होती, तशीच चौकशी त्यांच्याकडेही होते. तारीख इंग्रजी धरत नाहीत. त्यांचे महिने चंद्राचे, वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सूर्याशी जुळते राहावे म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात. आपला अधिक मासही साधारण त्याच हिशेबाने येतो. फरक एवढाच की, आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत पडतो आणि त्यांचा मात्र नेहमी अदार महिन्यातच, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाच्या सुमारास. साध्या वर्षी अदारात गेलेल्या माणसाची तीथ अधिकाच्या वर्षी पहिल्या अदारात करायची की दुसऱ्या, यावर त्यांच्या शास्त्र्यांचे एकमत नाही. युरोपातले पुष्कळ ज्यू पहिला धरतात आणि पूर्वेकडचे दुसरा. हे ऐकून आमच्या गावच्या जोशीबुवांना मोठे समाधान वाटले होते. वाद केवळ आपल्याच पंचांगांत नाहीत तर!

छोट्या मास्तरांच्या वडिलांची तीथ एलूल महिन्याची पाचवी. एलूल म्हणजे बहुधा आपला भाद्रपद, त्यामुळे बहुतेक वर्षी ती गणपतीच्या आगेमागे येई, आणि ज्या वर्षी आपला अधिक मास आधी होऊन जाई त्या वर्षी महिनाभर अगोदर. मी हे लक्षात ठेवले त्याला कारण आहे. एका वर्षी त्या रात्री त्यांची ड्यूटी होती, घरची माणसे पेणला गेलेली, बाहेर पाऊस आणि वारा. मला म्हणाले, “बाळ, दिव्यापाशी निजशील का? नजर ठेव.” मी मोठ्या ऐटीने गेलो आणि थोड्या वेळाने गाढ झोपलो. पहाटे जाग आली तो पेला काळा. माझी छाती धडधडू लागली. चुलीपाशी काडेपेटी होती, वात पुन्हा लावली आणि गप्प राहिलो. मास्तर ड्यूटीवरून आले, कंदील खाली ठेवला, वाकून पेल्याकडे पाहिले. तेल असायला हवे होते त्याहून वर होते. तेल्यांचा वंशज तो, त्याला कोण फसवणार? त्यांनी एवढेच विचारले, “रात्री वारा फार होता, नाही?” मी होय म्हटले. पुढे काही दिवस मी त्यांच्या समोर जाणे टाळीत होतो. त्यांच्या वडिलांच्या आत्म्याला माझ्यामुळे अंधारात राहावे लागले, असे मला खरोखरच वाटत होते.

पुष्कळ वर्षांनी या विषयावर वाचू लागलो तेव्हा कळले की, दिवा ही चाल आहे, आज्ञा नाही. बायबलातल्या नीतिसूत्रांत माणसाच्या आत्म्याला देवाच्या दिव्याची उपमा दिली आहे आणि तिच्याशी ही चाल जोडतात. युरोपातले ज्यू मेणबत्ती लावतात. आज चोवीस तास जळणाऱ्या मेणबत्त्या पेल्यासकट विकत मिळतात. या दिवसाला ते यारत्साइट म्हणतात. हा यिडिश शब्द, मूळ जर्मनमधला, आणि त्याचा अर्थ नुसता ‘वर्षाची वेळ’. बेने इस्राएलांची प्रार्थनेची पद्धत पूर्वेकडच्या ज्यूंची. त्यांच्याकडे मृताच्या नावे सिनेगॉगमध्ये जी शांतिप्रार्थना होते तिला हश्काबा म्हणतात. कोणी त्या दिवशी उपवास करतात, कोणी दानधर्म करतात. कबरीवर फुले न वाहता एक लहानसा खडा ठेवतात, आणि जुन्या कबरींवर असे खडे साठलेले दिसतात.

पण या सर्वांहून जड गोष्ट म्हणजे कद्दीश. ही प्रार्थना अरामी भाषेत आहे. आईबाप गेले की मुलाने ती अकरा महिने रोज म्हणायची आणि पुढे दरवर्षी तिथीला. अकराच का, बारा का नाही? तर पापी माणसाच्या शुद्धीला जास्तीत जास्त बारा महिने लागतात अशी समजूत. मुलाने पुरे बारा महिने म्हटली तर आपला बाप अगदीच पापी होता असे त्याने कबूल केल्यासारखे होईल. म्हणून एक महिना आधीच थांबायचे. बापाची अब्रू राखण्याची ही युक्ती मला फार आवडते. नवलाची गोष्ट अशी की, कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही. सबंध प्रार्थना देवाच्या थोरवीची. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेप्रमाणे तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर पाहिजेत, कारण एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आमेन म्हणून उत्तर द्यायचे. (काही सुधारक मंडळ्यांत आता स्त्रियांनाही दहांत धरतात.)

याविषयी एक जुनी कथा ज्यूंमध्ये सांगतात. रब्बी अकीबा वाटेने जात असता डोक्यावर लाकडाचा प्रचंड भारा घेऊन पळणारा एक माणूस त्यांना दिसला. विचारल्यावर तो म्हणाला, मी मेलेला आहे. रोज लाकडे तोडतो आणि रोज त्याच लाकडांवर मला जाळतात. सुटका एकाच गोष्टीने होईल: माझ्या मुलाने लोकांसमोर उभे राहून देवाचे नाव घ्यावे आणि लोकांनी त्याला उत्तर द्यावे. अकीबांनी त्या गावी जाऊन मुलगा शोधला. पोर अगदी अडाणी, कोणी त्याला काही शिकवलेले नाही. अकीबांनी त्याला बसवून अक्षरे शिकवली, मोठ्या कष्टाने प्रार्थना पाठ करून घेतली आणि मंडळीसमोर उभे केले. त्याच क्षणी बाप सुटला. आपल्याला महाभारतातला जरत्कारू आठवेल. त्याचे पितर गवताच्या काडीला धरून खड्ड्यात उलटे लोंबकळत होते आणि उंदीर ती काडी कुरतडीत होता. पण दोन्ही कथांत एक फरक आहे. जरत्कारूला संतती हवी होती. अकीबांच्या कथेत संतती आहे, तेवढ्याने भागत नाही. तिला शिकवणारा हवा, आणि तिचे ऐकून उत्तर देणारी मंडळी हवी.

आता चुडाव्यात दहा ज्यू कोठून आणायचे? तेथे एकच होते. खात्रीने दहा मिळायचे तर मनमाडमार्गे मुंबई गाठायची आणि मांडवीच्या जुन्या सिनेगॉगमध्ये जायचे. ते सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत आणि मशीद हे रेल्वे स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. मास्तर दरवर्षी तिथीसाठी रजेचा अर्ज करीत. रजा मंजूर व्हायची तर बदली माणूस यायला हवा, आणि गणपतीच्या दिवसांत तो कोठून येणार? आमच्याकडे होते तेवढ्या पाच वर्षांत दोनदा ते जाऊ शकले. बाकीच्या तीन वर्षी कद्दीश झाले नाही. मी ज्या दिव्यासाठी रडत होतो त्याचे त्यांना काहीच वाटले नसावे. त्यांचे दुःख दुसरे होते, आणि ते त्यांनी आम्हा पोरांना कधी दिसू दिले नाही.

वडिलांना मात्र ते ठाऊक झाले होते. एका वर्षी रजा नामंजूर होऊन आली तेव्हा वडील त्यांना म्हणाले, “दहाच मानसं लागतात ना साहेब? मी आणतो की.” आणि सायंकाळी खरोखर घेऊन आले. गँगमधले चौघे, तेली, किराणा दुकानदार खाँसाहेब, जोशीबुवा, मळ्यातले दोघे आणि स्वतः. आंघोळी करून, स्वच्छ कपडे घालून दहाजण फलाटाच्या कडेला हात जोडून उभे! मास्तरांना काय बोलावे सुचेना. ते म्हणाले, “तुमचे उपकार फेडता येणार नाहीत, पण आमच्या धर्मात दहा आमचेच लागतात. नियम मी मोडू शकत नाही.” वडिलांनी विचारले, “मंग बसलो तर चालंल?” बसायला कोणाची हरकत नव्हती. तेव्हा सतरंजी घातली. मास्तरांनी डोक्यावर टोपी घातली, पुस्तक काढले आणि स्तोत्रे वाचली. स्तोत्रांत एकशे एकोणिसावे म्हणून एक फार लांब स्तोत्र आहे. हिब्रू बाराखडीच्या बावीस अक्षरांपैकी प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचने, मिळून १७६. मृताच्या नावात जी अक्षरे असतील त्यांचे तेवढे भाग निवडून वाचायचे, म्हणजे वाचता वाचता नाव उभे राहते. त्यांनी वडिलांचे नाव तसे वाचले. कद्दीश म्हटले नाही. शेवटी खाँसाहेब सवयीने “आमीन” म्हणाले, आणि मास्तरांनी एकदम वर पाहिले. नंतर सर्वांना खोबरे-साखर घातलेले पोहे मिळाले. आम्हा पोरांच्या मते त्या तिथीत मुख्य ते पोहेच.

आपल्या मुलखाला मृत्युदिनाचे वावडे नाही. परभणीला फेब्रुवारीच्या आरंभी तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. तोही पुण्यतिथीचाच मेळा. उरूस म्हणजे अरबीत लग्न. संत गेला म्हणजे प्रियकराला भेटला, म्हणून आनंद. ज्यूंमध्येही थोर धर्मगुरूंच्या पुण्यतिथीला हिल्लूला म्हणतात, आणि त्या अरामी शब्दाचा मूळ अर्थ लग्नाचा उत्सव असाच आहे! रब्बी शिमोन बार योहाई यांच्या हिल्लूलाला इस्राएलात मेरोनच्या डोंगरावर लाखांनी माणसे जमतात, शेकोट्या पेटवतात, नाचतात. आळंदीची कार्तिकी किंवा तुकाराम बीज पाहिलेल्या माणसाला त्यात परके काही वाटणार नाही. साध्यासुध्या बापाची तीथ मात्र पोटच्या पोरावर आणि शेजारच्या दहांवर अवलंबून.

बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावेही मास्तरांकडूनच प्रथम ऐकली. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. दारे लावून दिवसभर कडक उपवास. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. या दिवसांत पूर्वज घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, असे जुनी माणसे मानीत आणि त्या दिवशी गोरगरिबांना दान देत. आपला पितृपक्ष नुकताच सरलेला असतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी योम किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले होते. २०२३ साली मात्र आपल्या अधिक श्रावणामुळे दोघांत महिन्याचे अंतर पडले. आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याची तीथ, अव महिन्याची नववी, तिला हे लोक बिरड्याचा सण म्हणतात, कारण उपवास सोडताना वालाचे बिरडे खातात. इसवी सन ७० साली पडलेल्या मंदिराचे सुतक कोकणातल्या वालांनी सुटते! इकडे वाल फारसे होत नाहीत. मास्तरीणबाई पेणहून आणीत आणि मोजून वापरीत.

१९६० नंतरच्या दशकात मास्तरांची बदली झाली आणि पुढे ते सहकुटुंब इस्राएलला गेले. १९४८ साली ते राष्ट्र झाल्यापासून बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले होते. तेव्हा भारतात ते सुमारे वीस हजार होते. आज चार-पाच हजार उरले आहेत. तिकडेही त्यांना सुखाने घेतले असे नाही. लग्नसंबंधासाठी यांना पूर्ण ज्यू मानावे की नाही अशी शंका तेथल्या धर्मपीठाने काढली. यांनी निदर्शने केली, धरणे धरले, तेव्हा १९६४ साली तो डाग निघाला. दोन हजार वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना हे ऐकून घ्यावे लागले. असो.

वडिलांना मास्तरांचे लोद गावाहून एक पत्र आले होते. अक्षर तेच, मोडीच्या वळणाचे. लिहिले होते की, येथे आमच्या इमारतीतच दहा माणसे निघतात. सगळी आपलीच, पेण-पनवेल-रोह्याची. तिथीला कद्दीश होते आणि नंतर मराठीत गप्पा होतात. पण वडिलांची कबर तिकडे राहिली. तिच्यावर गवत वाढले असेल.

पुढे अलिबागकडे जाण्याचा योग आला तेव्हा मी एक-दोन दफनभूमी पाहिल्या. दगडांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही अक्षरे, तारखाही दोन पद्धतींच्या. काही दगड स्वच्छ. त्यांची माणसे मुंबई-ठाण्याहून, कधी थेट इस्राएलहून येऊन जातात. काहींवर वेल चढलेले. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये आता नेहमीची प्रार्थना होत नाही. इमारत आहे, राखणदार आहे, छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या आहेत, आणि दहा भरत नाहीत. सणाला बाहेरगावची मंडळी आली म्हणजे भरतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा मला चुडाव्याच्या फलाटावर हात जोडून उभे राहिलेले ते दहाजण आठवले. आज त्यांतले कोणी नाही.

मास्तरही आता नसणारच. त्यांची स्वतःची तीथ मला ठाऊक नाही. कळवणारे कोणी राहिले नाही. त्यांच्या वडिलांची तेवढी ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांपासून मी पंचांगाशेजारी ज्यूंचे कॅलेंडर ठेवतो आणि एलूलची पाचवी कधी येते ते पाहून ठेवतो. २०२५ साली ती २९ ऑगस्टला होती, म्हणजे २८ च्या सायंकाळपासून. त्या दिवशी ऋषिपंचमी होती आणि पाऊस होता.